घरच्या आठवणींची कणगी

पाच भाकरी आणि दोन मासे यांनी प्रभूने मोठ्या जनसमुदायाला तृप्त केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सर्वांचे जेवण आटोपल्यावर प्रभूने शिष्यांना काय काम सांगितले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. उरलेले तुकडे वेचून ठेवण्यास त्याने सांगितले, आणि त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या शब्दासरशी भाकरी वाढत होत्या, त्याने तुकड्यांची इतकी काळजी का करावी? जे कृपेने मिळाले ते निष्काळजीपणाने गमावू नये, हाच त्यातील बोध होय.

आजच्या आपल्या घरांत असे पुष्कळ तुकडे विखुरलेले असतात. आजोबांचा एकुलता एक फोटो, आईच्या हातचे पत्र, धाकट्याच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत, थोरलीच्या लग्नसंस्काराचे शेकडो फोटो, शेताचे उतारे, शाळेचे दाखले. पूर्वी हे सारे लाकडी पेटीत असे. आता त्यातील बरेचसे मोबाईलमध्ये असते. आणि मोबाईल विहिरीत पडतो, चोरीस जातो, किंवा एके सकाळी उघडतच नाही. या तुकड्यांसाठी घरच्या घरी टोपली कशी विणावी, याचा एक प्रत्यक्ष पाहिलेला दाखला वाचकांपुढे ठेवतो.

महाराज बाड्यामागचे घर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाडा नावाचा विशाल चौक आहे. मध्यभागी शिंदे महाराजांचा पुतळा, आणि भोवती टाऊन हॉल, पोस्टाची इमारत, स्टेट बँक, जुने शासकीय मुद्रणालय, व्हिक्टोरिया मार्केट अशा दगडी वास्तू उभ्या आहेत. प्रत्येकीची घडण निराळी, जणू देशोदेशींचे पाहुणे एका अंगणात जमले आहेत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे आपल्या फौजेचा तळ दिला, म्हणून वस्तीला लष्कर हे नाव पडले. त्या फौजेमागून आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या गल्ल्यांतून नांदत आहेत. त्यांच्या मराठीत हिंदीचा गोडवा मिसळला असला, तरी देवघरातील व स्वयंपाकघरातील भाषा मराठीच आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त वसईहून तेथे गेला. सोबत त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. सराफ्यालगतच्या एका गल्लीत जुन्या वाड्याच्या माडीवर ती दोघे भाड्याने राहतात. खाली वाड्याच्या मालकीणबाई राहतात. त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत, आणि साऱ्या गल्लीत त्यांना आजी म्हणतात.

वसई सोडताना या मायलेकरांवर एक आघात झाला होता. माझे मेहुणे २०२१ च्या साथीत देवाघरी गेले. उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची गीते तेच म्हणत. गळा धीरगंभीर, त्यांनी सूर लावला की मागच्या बाकांवरची मुलेदेखील शांत होत. त्यांच्या गायनाच्या चित्रफिती भाच्याने एका लहान हार्ड डिस्कमध्ये भरून ठेवल्या होत्या, आणि मोबाईलमध्ये जागा अपुरी पडू लागली म्हणून तेथून पुसून टाकल्या होत्या. सामान बांधण्याच्या गडबडीत ती डिस्क कपाटावरून फरशीवर पडली. जोडून पाहिली तर आतून नुसता टकटक आवाज येई. एका कारागिराने ती उघडून पाहिली, आणि काही हाती लागणार नाही असे सांगून परत केली.

बहीण मला म्हणाली, "दादा, फोटो गेले त्याचे एवढे वाटत नाही. त्यांचे फोटो चार घरी मिळतील. पण त्यांचा आवाज गेला."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. भाच्याने मात्र त्याच दिवशी मनाशी निश्चय केला की यापुढे घरातील कोणतीही वस्तू एकाच जागी ठेवायची नाही.

ख्रिस्तसभेची जुनी रीत

हा निश्चय नवा नाही. आपल्या पवित्र ख्रिस्तसभेने तो शतकांपूर्वी केला आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत करण्याचा दंडक घातला. पुढे १९१७ च्या धर्मविधी संहितेने सांगितले की धर्मगुरूने या वह्यांची प्रमाणित नक्कल दरवर्षी बिशपांच्या कार्यालयात पाठवावी. याचा हेतू उघड आहे. एखाद्या गावचे चर्च जळाले वा पुरात बुडाले, तरी तेथील लेकरांची नावे दुसऱ्या गावच्या कपाटात सुरक्षित राहावीत. आजचे संगणकतज्ज्ञ जो नियम नव्याने शिकवतात, तो आपल्या धर्मगुरूंनी टाक आणि दौत घेऊन पाळला.

दुसरा दाखला आपल्या भाषेतला. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६, १६४९ व १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या छापील प्रती आज हाती लागत नाहीत. मग ग्रंथ वाचला कसा? भाविक कुटुंबांनी आपल्या घरी बसून त्याच्या हस्तलिखित नकला केल्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, आणि अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. छापखान्याने जे राखले नाही, ते घरोघरच्या नकलांनी राखले.

उलट, जे एकाच ठिकाणी असते त्याची काय गत होते, हे महाराज बाड्यानेही पाहिले आहे. चौकातील व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत सापडले. दगडी इमारत पुढे दुरुस्त झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात तेथे भूविज्ञानाचे संग्रहालयही उघडले. परंतु दुकानांत जे होते ते गेलेच. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई व उपनगरांतील किती घरांत लग्नाचे अल्बम चिखलाने चिकटून गेले, हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल. आग, पाणी, वाळवी आणि विस्मरण हे कागदाचे चार वैरी. आणि संगणकातील ठेवीलाही ते सोडत नाहीत.

कणगी म्हणजे काय

भाच्याने घरात जे यंत्र उभारले, त्याला तो सर्व्हर म्हणतो. आपण त्याला आठवणींची कणगी म्हणू. कणगी घरात एका कोपऱ्यात उभी असते. घरातील प्रत्येक जण तिच्यात आणून धान्य ओततो आणि लागेल तेव्हा काढून घेतो. तसेच हे यंत्र. एक साधा संगणक, त्यात मोठ्या हार्ड डिस्क, आणि घरच्या राउटरला जोडलेली एक केबल. त्याला पडदा नको, कळफलक नको. एकदा मांडणी झाली की ते कोपऱ्यात मुकाट्याने चालते. आईचा मोबाईल, मुलाचा संगणक, भिंतीवरचा टीव्ही, सारे त्या घरगुती जाळ्यातून कणगीपर्यंत पोहोचतात.

मोठ्या कंपन्या हीच सोय पैसे घेऊन देतात, मग घरी खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी करील. भाच्याचे उत्तर असे की भाड्याची कोठी वाईट नव्हे. परंतु भाडे थकले की कुलूप बदलते, आणि गावात इंटरनेट बंद पडले की आपलेच धान्य आपल्याला दिसत नाही. घरची कणगी घरातच राहते. मात्र तिची राखणही घरच्यांनाच करावी लागते, हे विसरता कामा नये.

या विद्येची प्रगती पाहून देवाने मानवास दिलेल्या बुद्धीचे नवल वाटते. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क विकण्यास काढली, तेव्हा तिच्यात पन्नास मोठ्या चकत्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते, आणि तिच्यात मावत होती अवघी पन्नास लक्ष अक्षरे. आज मोबाईलने काढलेला एक फोटोदेखील तीत कसाबसा मावेल. भाच्याने घेतलेली प्रत्येक डिस्क तळहाताहून थोडी मोठी आणि चार टेराबाइटची आहे. चार मेगाबाइटचा एक फोटो धरला तर तीत दहा लक्ष फोटो राहतील.

उभारणी

प्रथम त्याने एका कार्यालयातून निघालेला जुना संगणक घेतला. आठ गिगाबाइट स्मृती असलेला असा संगणक या कामास पुरतो, कारण कणगीला गणित करायचे नसते, राखायचे असते. संगणक जुना चालतो. हार्ड डिस्क मात्र नवी घ्यावी. दिवसरात्र चालण्यासाठीच बनवलेल्या डिस्क मिळतात. त्याने त्या दोन घेतल्या, आणि त्याही वेगवेगळ्या दुकानांतून, म्हणजे एकाच खेपेतील दोष दोघींत येऊ नये.

दोन डिस्क कशासाठी? तर एक दुसरीचा आरसा असावी म्हणून. एकीवर जे लिहिले जाते, तेच त्या क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक बंद पडली तरी दुसरीवर घर चालते. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी १९८८ साली अशा रचनांची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि आज ती रेड या नावाने ओळखली जाते. दोन डिस्क असूनही जागा एकीचीच मिळते, हे खरे; परंतु ती उधळपट्टी नव्हे. दोन बैलांपैकी एक आजारी पडला तरी पेरणी थांबू नये, म्हणून शेतकरी करतो ती तजवीज होय.

यंत्र चालवण्याची प्रणाली त्याने मोफत मिळवली. ओपनमीडियाव्हॉल्ट असे तिचे नाव. ट्रूनॅस नावाची दुसरीही प्रणाली प्रसिद्ध आहे. ती साठवलेल्या प्रत्येक तुकड्याची खूण जपून ठेवते आणि तुकडा बिघडला तर ओळखते, परंतु तिला अधिक बळकट यंत्र मानवते. प्रणालीसाठी त्याने एक लहानशी स्वतंत्र डिस्क ठेवली, म्हणजे प्रणाली पुन्हा घालावी लागली तरी ठेवीला धक्का लागत नाही. निरनिराळ्या संगणकांना एकाच कणगीतून वाढण्याचे काम सांबा नावाची आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती १९९२ च्या सुमारास लिहिली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. हे नाव ऐकून बहीण हसली आणि म्हणाली, "म्हणजे हाही कोणी शेजारचा सांबाच निघाला!"

जोडणीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या घरातील राउटर जुना व केबलही जुनी होती. त्यातून सेकंदाला जेमतेम अकरा मेगाबाइट जात. एक टेराबाइट भरायला पूर्ण एक दिवस आणि वर एक-दोन तास लागले असते. त्याने नवा राउटर व नवी केबल घातली, तेव्हा तेच काम अडीच तासांवर आले. राउटरमध्ये त्याने कणगीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, नाही तर दर खेपेस नवा पत्ता मिळून घरच्यांना कणगी सापडेनाशी होते.

मग प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कप्पा केला. आईला तिच्या कप्प्याचा अधिकार, मुलाला त्याच्या. समाईक फोटो सर्वांना दिसतात, पण पुसण्याचा अधिकार एकाकडेच. मोबाईलमध्ये इमिच नावाची सोय घातली. मोबाईल घरच्या वायफायमध्ये आला की नवे फोटो आपोआप कणगीत जातात. माझी बहीण संगणकाला हातही लावत नाही; परंतु चर्चमधून परतून ती चपला काढते, तोवर तिने काढलेले फोटो आत जाऊन पडलेले असतात.

कप्प्यांची नावे त्याने तारखेने ठेवली: प्रथम वर्ष, मग महिना, मग प्रसंग. '१९८७-०५ आईबाबांचे लग्न' असे लिहिले की सारे प्रसंग आपोआप कालक्रमाने लागतात. जुने फोटो त्याने यंत्राने टिपून घेतले आणि फोटोत कोण कोण आहे तेही लिहून ठेवले. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे, असे मला वाटते. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनंतर परक्याचाच होतो.

निगा

कणगी एकदा बांधून भागत नाही. तिला वेळोवेळी सारवावे लागते. ग्वाल्हेरचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेप घेतो, आणि वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते. माडीवर यंत्र तापू लागले, म्हणून आजींच्या परवानगीने ते तळमजल्यावरील जाड भिंतींच्या खोलीत हलवले. दर महिन्याला पंख्याची धूळ मऊ कुंचल्याने झाडायची, हे काम त्याने स्वतःकडे ठेवले आहे.

विजेचा प्रश्न त्याहून मोठा. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेले बिघडू शकते. म्हणून त्याने यूपीएस जोडला. वीज गेली की यूपीएस एका तारेवाटे यंत्राला इशारा देतो, आणि बॅटरी संपण्याआधी यंत्र नीट मिटून घेते. वीज किती लागते, हेही सांगतो. त्याचे यंत्र सुमारे चाळीस वॅट घेते. म्हणजे महिन्याला एकोणतीस युनिटच्या आसपास. हा खर्च ज्याला जड वाटेल, त्याने लहान यंत्र निवडावे, किंवा रोज काही तासच चालू ठेवावे.

डिस्क मरण्याआधी बहुधा कण्हते, आणि ते कण्हणे ऐकण्याची सोय डिस्कमध्येच असते. तिच्यातील किती जागा खराब झाल्या, ती किती तास चालली, किती तापली, हे ती स्वतः नोंदवते. प्रणाली ती नोंद वाचून भाच्याला पत्र धाडते. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आपण मिस्साबलिदानाच्या तयारीला उठण्याआधीच, ही प्रणाली दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून पाहते.

परंतु आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे, ही गोष्ट पुष्कळ जाणकारही विसरतात. आपण चुकून एखादा फोटो पुसला, तर आरशातूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. घरात चोर शिरला तर दोन्ही डिस्क एकदमच नेईल. म्हणून तज्ज्ञांचा एक सोपा नियम आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. भाच्याने दोन सुट्या डिस्क घेतल्या आहेत. त्यांपैकी एक महिन्यातून एकदा जोडून भरतो आणि लगेच काढून कपाटात ठेवतो. दुसरी वसईला माझ्या घरी असते. नाताळात तो येतो तेव्हा भरलेली आणतो आणि जुनी घेऊन जातो. ती डिस्क कुलूपबंद आहे. तिची किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि तो एका वहीत लिहून बहिणीच्या पेटीत ठेवला आहे. घरात जाणता एकच असेल आणि तोच उद्या नसेल, तर कणगी भरलेली असूनही घर उपाशी राहील. म्हणून ही वही हवीच.

डिस्क काढून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील ठेवी कुलूपबंद करून पैसे मागितले. जे जाळ्याला जोडलेले असते, त्यापर्यंत चोर पोहोचू शकतो. जे कपाटात आहे, त्यापर्यंत नाही. त्याच कारणाने भाच्याने कणगीचे दार बाहेरच्या इंटरनेटकडे उघडलेलेच नाही. बाहेरगावाहून फोटो पाहण्याची हौस त्याने आवरली. नवशिक्याने हाच संयम पाळावा.

शेवटचा नियम सर्वांत सोपा, आणि सर्वांत अधिक टाळला जाणारा. दर तीन महिन्यांनी राखीव प्रतीतील कोणतेही दहा फोटो उघडून पाहावेत. दहा कुमारींची कथा आपण जाणतो. दिवे दहाजणींपाशी होते. तेल आहे की नाही हे पाचजणींनी आधी पाहिले नाही.

जूनमधली एक रात्र

गेल्या वर्षी जूनमध्ये मी तेथे असताना या तजविजीची परीक्षा झाली. रात्री जपमाळ आटोपून आम्ही बसलो होतो. भाच्याच्या मोबाईलवर पत्र आले: एका डिस्कने मान टाकली आहे. बहिणीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या कानांत ती जुनी टकटक घुमली असावी. भाचा मात्र उठून प्रथम कपाटातील प्रत जोडून पाहून आला, आणि ती शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच झोपला. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी डिस्क आणून त्याने जुनीच्या जागी बसवली. सात-आठ तास यंत्र एकीवरचे दुसरीवर उतरवीत राहिले. त्या अवधीत उरलेली एकुलती डिस्कही दगा देऊ शकते, म्हणून आधी राखीव प्रत पाहावी लागते, असे त्याने मला समजावले. संध्याकाळी सारे पूर्ववत झाले. काहीही गेले नव्हते.

आजी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या डब्ब्यात माझी पण थोडी जागा आहे का?"

त्यांनी आपली पितळी कड्यांची पेटी उघडली. आत मोडी लिपीतील कागद होते: हिशेब, पत्रे, एखादी सनद. आजींचे वडील ते वाचू शकत. आजींना स्वतःला वाचता येत नव्हते, आणि त्यांची नातवंडे परदेशी. कडा वाळवीने कुरतडल्या होत्या. भाच्याने दर रविवारी दुपारी एकेक कागद सपाट करून, उन्हाच्या झळा न लागतील अशा उजेडात टिपून घेतला. त्यांत काय लिहिले आहे, हे पुढेमागे मोडी जाणणारा कोणी सांगेल; तोवर अक्षर तरी जिवंत राहील. मूळ कागद त्याने फेकू दिले नाहीत. टिपून घेतले म्हणून मूळ टाकून देणे, ही नक्कल करणाऱ्यांची मोठी चूक असते. कणगीत आता आजींच्या नावाचा कप्पा आहे, आणि एक प्रत त्यांच्या नातवाकडे गेली आहे. ज्या घराने आमच्या माणसांना आसरा दिला, त्या घराच्या आठवणींना आमच्या कणगीने आसरा दिला.

सापडलेला तुकडा

आता राहिली मेहुण्यांच्या आवाजाची गोष्ट. नाताळात भाचा वसईला आला, तेव्हा त्याने चर्चमधील गायकवृंदातील प्रत्येकाला विचारले, तुमच्या मोबाईलमध्ये काही जुने आहे का? पुष्कळांनी नकार दिला. एका वयस्क बाईंच्या मोबाईलमध्ये, त्यांनी नातीला दाखवण्यासाठी काढलेली, साडेतीन मिनिटांची एक चित्रफीत निघाली. चित्र हलते आहे, मध्येच कोणी खोकते, चेहरा जवळजवळ दिसत नाही. पण सूर त्यांचाच आहे.

भाच्याने ती आधी तीन ठिकाणी उतरवली, आणि मगच आईला ऐकवली. ती काही बोलली नाही. ऐकून झाल्यावर तिने पुन्हा लावायला सांगितली. फादर स्टीफन्स यांच्या ओव्या जशा कोणा अनामिक भाविकाच्या नकलेने वाचल्या, तसाच हा सूर एका शेजारणीच्या मोबाईलने वाचवला.

म्हणून, वाचकबंधुभगिनींनो, माझी विनंती एवढीच. प्रत्येकाने यंत्र उभारावे असे मी म्हणत नाही. ज्याची ऐपत आणि ज्याला आवड, त्याने अवश्य उभारावे. आपल्या धर्मग्रामातील तरुणांना ही विद्या येते. त्यांनी शेजारच्या चार घरांना हात द्यावा. सात सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्या कार्लो अकुतिस या तरुणाला संतपद दिले, तो पंधराव्या वर्षी, २००६ साली, देवाघरी गेला. तेवढ्या अल्प आयुष्यात त्याने संगणक वापरून पवित्र कम्युनियनसंबंधीच्या चमत्कारांची माहिती जगापुढे ठेवली. हे साधन कोणाच्या हाती आहे, यावर त्याचे मोल ठरते.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी या आठवड्यात निदान एक काम करावे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्याकडून एखादे जुने गीत, एखादी प्रार्थना, आपल्या बोलीतील एखादी गोष्ट म्हणवून घ्यावी, ती मोबाईलवर टिपावी, आणि त्याच दिवशी तिची एक नक्कल बहिणीकडे वा भावाकडे पाठवावी. फोटोच्या मागे नावे लिहावीत. पेटी उघडून कागदांना हवा द्यावी.

शिष्यांनी तुकडे वेचले तेव्हा बारा टोपल्या भरल्या. आपल्या घरी एकच भरेल. ती एक तरी रिकामी राहू नये.